जावयाच्या जागी बसला तो

चार वर्षे ज्याची मनधरणी चालली होती तो अखेर एका बुधवारी, सकाळी पावणेदहाला, चौथ्या ओळीतल्या सातव्या खळग्यात बसला.

'बसला' हा प्रयोगशाळेतला शब्द. प्रोटीनचा स्फटिक झाला की ते बसले, नाही झाला की रुसले. हे प्रोटीन तर इतके रुसायचे की त्याचे नावच जावई पडले होते. पाणी जरा कोमट झाले की रुसला, मीठ कणभर जास्त पडले की रुसला, दोन दिवस सुट्टी आली आणि कुणी विचारपूस केली नाही की रुसून नळीच्या तळाशी नासलेल्या दुधासारखा जाऊन पडला.

त्याच्या मिनतवाऱ्या करणारी संशोधिका चाळिशीची होती. प्रयोगशाळेत तिला बाई म्हणत, घरी ताई. आपण ताईच म्हणू, कारण गोष्ट शेवटी घरचीच आहे.

ताईने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, काढला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. तबकाच्या त्या खळग्यातल्या थेंबात चौदा स्फटिक होते. काचेच्या इवल्या विटा, कडा अशा की बोट कापेल. तिने आधी देवाचे नाव घेतले आणि मग इतक्या जोरात "मामा!" म्हणून ओरडली की शेजारच्या खोलीत कुणाच्या तरी हातून बाटली पडली.

मामा म्हणजे प्रयोगशाळेतले जुने तंत्रज्ञ. यंत्रे सांभाळायची, भांडी निर्जंतुक करायची आणि ज्याची चूक त्याच्या तोंडावर सांगायची, ही त्यांची तीन कामे. पगार पहिल्या दोनांचा मिळे.

"मीठ नाही ना बाई हे?" मामांनी विचारले. "मागच्या खेपेला आपण मिठाला हार घालायला निघालो होतो."

"टोचून बघितलं. मीठ कट्‌कन फुटतं. हा लोण्यासारखा चुरला."

"मग आता एक विरघळवा आणि वजन करा. हाच तो का, ते तरी कळेल. टोचण्यात एक गेलाच आहे, अजून एक गेला म्हणून काय बिघडलं?"

"एकही नाही!" दारातून आवाज आला. "आता एकही वाया घालवायचा नाही!"

हे विभागप्रमुख. यांना पाठीमागे सगळे बुवा म्हणत, आणि त्यात टिंगल कमी, माया जास्त होती. माणूस बोलायला उभा राहिला की विज्ञानाचे कीर्तन व्हायचे. आधी पाऊण तास सृष्टीची उत्पत्ती, मग एखादी लांबण लावलेली गोष्ट, मग एकदम आवाज खाली आणून असे काही बोलायचे की मागच्या रांगेत पेंगणाराही नाक पुसायला लागे. चाल तेवढी नव्हती. टाळ धरायलाही कुणी नव्हते, पण पडद्यावरचे चित्र बदलायला मामा असत आणि ते नेमके चुकीच्या वेळी बदलत.

जावई नेमका काय करतो हे बुवांच्याच तोंडून ऐकावे.

"देवाने ग्रंथ लिहिला उत्तम," बुवा सांगत, "पण प्रत काढली सगळ्यांना एकच. डोळ्याच्या पेशीलाही तोच ग्रंथ, गुडघ्याच्या पेशीलाही तोच. आता डोळ्याने गुडघ्याचा अध्याय वाचायला घेतला तर? तुमच्या भुवईखाली वाटी फुटेल! म्हणून मग त्या कृपाळूने पानापानावर पहारेकरी बसवले. 'हे पान तुझं नाही, पुढे हो.' आपला जावई त्यातलाच एक. एका पानावर हात ठेवून बसायचं आणि ते कुणाला वाचू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. पण काही घराण्यांत या पहारेकऱ्याच्या घडणीत एक अक्षर चुकलंय. हात घसरतो. पान उघडं पडतं आणि तळहाताचे स्नायू ते रात्रंदिवस मोठ्याने वाचत सुटतात. मूठ मिटते. मग उघडत नाही."

हात कुठून आणि कसा घसरतो हे कळायला आधी जावयाचा आकार हवा, अणूअणूपर्यंत. आकार हवा तर तो ओळीने, शिस्तीत बसायला हवा. म्हणजे स्फटिक हवा. म्हणून चार वर्षांच्या मिनतवाऱ्या.

ताईच्या वडिलांचे घराणे हे असे एक घराणे. वडील गवंडी होते. पन्नाशीत त्यांच्या हातातली थापी सुटेना झाली. ते म्हणत, "लोकांना मुठीत ठेवणारा माणूस मी, आता मूठच मला ठेवून बसलीये." त्यांच्या दोन मुलांपैकी एकाला ते चुकलेले अक्षर आले, एकाला नाही. ताई सुटली. धाकटा भाऊ अडकला, आणि तोही वडिलांच्या किती आधी, छत्तिसाव्या वर्षी. भगवंताने त्या वेळी काय विचार केला असेल हे ताई त्याला रोज सकाळी हात जोडून विचारत असे, आणि हात जोडताना आपले हात किती सहज उघडतात हे तिला दिसत असे.

धाकटा बस चालवायचा. चौदा वर्षे एकाच मार्गावर, एक ओरखडा नाही. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितले होते, स्टिअरिंग सोडा. डेपोचा साहेब भला माणूस. त्याने चौकशी खिडकीची जागा धरून ठेवली होती. बदलीचा अर्ज सोमवारपर्यंत द्यायचा होता. धाकटा तो अर्ज दोन महिने खिशात घेऊन बस चालवत होता.

बुधवारी सकाळी बुवांची पाठ वळताच ताईने त्याला फोन लावला.

"ताई? या वेळेला? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही रे. बसला!"

"कोण, जावई?"

"जावई!"

पलीकडे बसच्या इंजिनाची घरघर चालू होती. मग धाकटा म्हणाला, "म्हणजे औषध?"

इथे ताईने म्हणायला हवे होते की आकार कळला तरी औषधाला दहा-दहा वर्षे लागतात, आणि कित्येकदा होतच नाही. तिला ते पाठ होते. दर महिन्याला या आजाराची कुटुंबे जमत, त्यांना ती तेच सांगायची. पण त्या दिवशी तिच्या तोंडातून आले, "आता वाट दिसली बघ."

गुरुवारी तळघरातल्या यंत्रात स्फटिक क्ष-किरणांसमोर धरला. द्रव नायट्रोजनच्या वाफेत थिजवून तो केसाएवढ्या फासात उभा केलेला. पडद्यावर ठिपके उमटले. काठापर्यंत, रांगोळी घातल्यासारखे. बुवांनी खिशातून रुमाल काढला. "शनिवारी कुटुंबं येणारच आहेत," ते म्हणाले. "आपण जाहीर करू. मी बोलतो."

"किती वेळ?" मामांनी विचारले. "खुर्च्या लाकडी आहेत म्हणून म्हटलं."

त्याच दुपारी भावजयीचा फोन आला.

"ताई, तुम्ही ह्यांना काय सांगितलंत?"

"का गं?"

"अर्ज केराच्या डब्यात टाकला. म्हणतात, ताईने वाट काढली, आता दोन-चार महिन्यांत औषध, मी कशाला खिडकीत बसून लोकांच्या शिव्या खाऊ? ताई, परवा वळणावर हात चाकाला धरला तो सुटेना. कंडक्टरने धावत येऊन बोटं सोडवली. गाडीत बावन्न माणसं होती."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी शपथ घातली होती. आता मोडली. औषध खरंच येतंय ना? येत असेल तर मी गप्प बसते."

ताई म्हणाली, "उद्या सांगते."

शुक्रवारी ती आकडेमोडीला बसली. स्फटिक म्हणजे एकसारख्या खोल्यांची चाळ. प्रत्येक खोलीत तोच भाडेकरू, त्याच अंगावर झोपलेला. भाडेकरू कसा दिसतो हे संगणक शेवटी सांगतो, पण खोलीची लांबी, रुंदी, उंची पहिल्यांदा सांगतो. ताईने ते तीन आकडे गुरुवारीच पाहिले होते आणि आनंदात पुढे गेली होती. आता सकाळपासून काहीही जुळेना. जावयाच्या चुलतभावांचे आकार ठाऊक होते, ते त्या खोलीत घालून पाहिले. कुणाचे पाय बाहेर, कुणाचे डोके.

मामा तिच्या खांद्यावरून बघत होते. "बाई, जावई केवढा?"

"केवढा म्हणजे?"

"नाही, त्याच्याबरोबर ग्रंथाचं पानही आहे ना, ज्यावर तो हात ठेवतो? ते दोघं या खोलीत मावतील? मला तर ही एकट्या माणसाची खोली दिसतेय."

जगात आजवर कळलेल्या सगळ्या आकारांची एक सार्वजनिक नोंदवही असते. तिच्यात नुसते खोलीचे तीन आकडे टाकले तरी ती सांगते, अशी खोली पूर्वी कुणाला सापडली होती का. या कामातले लोक ते करतात, पण लाजत, घरच्यांची नजर चुकवून, कारण 'हो' उत्तर आले तर आपल्या खोलीत भलताच कुणी झोपला आहे. ताईने आकडे टाकले.

सव्वीस जणांना सापडली होती. तिन्ही आकडे तेच. भाडेकरू होते एका जंतूचे प्रोटीन.

झाले होते ते असे. जावयाचे जनुक एका साध्या जंतूच्या पोटात घालतात. जंतू आपला संसार करता करता जावईही तयार करतो. मग जंतू फोडायचा आणि त्या काल्यातून जावयाला उचलून वेगळा करायचा. त्यासाठी त्याच्या शेपटाला आधीच एक आकडा, म्हणजे हूक, लावून ठेवतात. तो आकडा निकेलच्या मण्यांना धरतो आणि बाकीचे सगळे धुवून जाते. कडक धुतले तर जावई विस्कटायचा. म्हणून गेले तीन महिने ताई अगदी हलक्या हाताने धूत होती. त्या जंतूच्या स्वतःच्या घरात मात्र एक प्रोटीन असे आहे की त्याच्या अंगावर जन्मतःच आकड्यासारखे काहीतरी असते. तेही मण्यांना चिकटून राहिले. प्रोटीने वजनाप्रमाणे वेगळी दाखवणाऱ्या पट्टीवर जावयाच्या जाड रेघेखाली त्याची पुसट रेघ आलीही होती. ताईने ती पाहिली होती आणि 'असेल काहीतरी' म्हणून सोडून दिली होती. लग्नघरात जावई कोपऱ्यात तोंड फिरवून उभा, आणि रिकामी खुर्ची दिसताच आचारी पदराला हात पुसत येऊन ऐटीत बसला.

"कुणाच्या पदराला?" हे सगळे ऐकून मामांनी विचारले.

"आपल्या, मामा. आपल्याच."

बुवांच्या खोलीत जाताना तिने मामांना बरोबर घेतले.

"सर, हा जावई नाही."

"मग कोण?"

"आचारी."

बुवांनी सगळे ऐकून घेतले. मधे एकदाही बोलले नाहीत, यावरूनच प्रसंग किती वाईट आहे हे मामांना कळले. मग ते हळूच म्हणाले, "पण ठिपके किती सुंदर होते हो."

"आचारी देखणा आहे, सर. सव्वीस जणांनी त्याचं चित्र काढलंय. आपण सत्ताविसावे."

"मी म्हटलं होतं, एक विरघळवा," मामा छताकडे बघत म्हणाले.

"म्हटलं होतंत. आणि मी नको म्हटलं होतं. ऐकू आलं मला." बुवा उठून खिडकीपाशी गेले. "उद्या सकाळी तीस माणसं येतील. मी असं करतो, सामान्य बोलतो. काम पुढे सरकलंय म्हणतो. हे खोटं नाही."

"सरकलंयच की," मामा म्हणाले. "मागच्या वेळी मीठ होतं. या वेळी निदान प्रोटीन आहे."

"तुम्ही गप्प बसा हो!"

"सर," ताई म्हणाली, "माझा भाऊ माझ्या एका वाक्यावर बस चालवतोय. सोमवारपर्यंत त्याने अर्ज दिला नाही तर ती खिडकी दुसऱ्याला जाईल आणि हा गाडीवर राहील. सामान्य बोलून तो उतरणार नाही. त्याला मी ओळखते."

"मग त्याला घरी सांगा."

"घरी सांगितलं तर म्हणेल, ताई घाबरली म्हणून बोलतेय. आणि बाकीच्या एकोणतीस जणांनी घरी जाऊन काय काय फेकून दिलं असेल, कुणास ठाऊक. बातमी त्याने सगळ्यांना दिलीये."

बुवा खिडकीकडून परत फिरले. मग म्हणाले, "तुम्हीच बोला. मी बोललो तर मी ते सुंदर करीन. ती माझी खोड आहे."

शनिवारी सभागृह भरले होते. लोक कागदी पेले दोन्ही मनगटांत धरून चहा पीत होते. बोटांवर कुणाचाच भरवसा नव्हता. धाकटा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "माझी ताई. सख्खी." भावजय शेजारी मान खाली घालून बसली होती. कालचा 'उद्या' तिला मिळाला नव्हता.

बुवांनी दोन वाक्यांत ओळख करून दिली आणि खाली बसले. मामांना वाटले, यांना बरे नाही.

ताईने चित्र वगैरे काही दाखवले नाही. जावई, आचारी, हलके धुणे, पुसट रेघ, सगळे सांगितले. तिचे संपल्यावर मधल्या रांगेतली एक आजी, जिचे दोन्ही मुलगे याच आजाराचे, म्हणाली, "म्हणजे बाई, चार वर्षं तुम्ही आचाऱ्याचेच लाड केलेत?"

"नाही आजी. तीन महिने. त्याआधीची वर्षं तर कुणीच बसलं नव्हतं."

कुणीतरी हसले. मग आणखी दोघे हसले.

"आणि जावई?"

"आहे. नळीत आहे. रुसलाय."

"मग आता?"

"आता कडक धुवायचं आणि तरी तो विस्कटू नये याची युक्ती शोधायची. किती वर्षं लागतील मला माहीत नाही. आकार कळला तरी औषध होईलच असंही नाही. बुधवारी मी माझ्या भावाला सांगितलं की वाट दिसली. मला वाट दिसली नव्हती, आनंद झाला होता. तुमच्यापैकी कुणी त्या शब्दावर काही ठरवलं असेल, गोळ्या, नोकरी, काहीही, तर ते आजच्या आज मागे घ्या. चूक माझी आहे."

पहिल्या रांगेतली एक खुर्ची जोरात सरकली. धाकटा निघून गेला होता.

ताई धावत बाहेर आली. आवारात त्याची जुनी गाडी उभी होती आणि तो चाकामागे बसला होता. भावजय दाराबाहेर पिशवी छातीशी धरून उभी.

"मी नाही बसायची ह्यांच्या गाडीत," ती म्हणाली. "इथून पुढे नाही."

ताई काचेशी वाकली. धाकट्याचे दोन्ही हात चाकावर होते. उजवा नुसता ठेवलेला, डावा आवळलेला.

"फोन कशाला केलास?" त्याने समोर बघतच विचारले.

"आनंद झाला म्हणून."

"आनंद झाला तर नवऱ्याला करायचा. त्याला काय, बस थोडीच चालवायचीये."

"हो."

"तीस माणसांसमोर माझी अब्रू काढलीस."

"तुझी नाही. माझी."

"एकच आहे ना ती!" तो ओरडला. मग आवाज खाली आणला. "खिडकीत बसून काय करू मी? 'सहाची गाडी सव्वासहाला येईल' सांगू?"

"सांग."

"लोक शिव्या देतात गं."

"तू द्यायचास ना खिडकीतल्याला? आता परत घे."

त्याला हसू आले, ते त्याने दाबले. मग अगदी लहानपणी विचारायचा तशा आवाजात म्हणाला, "तुला का नाही आलं, ताई?"

"माहीत नाही. रोज विचारते देवाला."

"काय म्हणतो?"

"काही नाही. त्याच्या त्या पानावर कुणीतरी चांगला घट्ट हात ठेवून बसलेला दिसतोय."

आता तो खरेच हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. ते त्याने उजव्या हाताने पुसले; डावा चाकावरून निघेना. ताईने दार उघडले. त्याचा डावा हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरला, चोळून गरम केला आणि एकेक बोट चाकावरून सोडवले. करंगळीला सगळ्यात जास्त वेळ लागला. शेवटचे बोट सुटले. मग तो शेजारच्या सीटवर सरकला.

"कोण चालवणार?" भावजयीने विचारले.

"मी," ताई म्हणाली. "परवाना आहे माझ्याकडे."

"आहे," धाकटा म्हणाला. "सात वर्षं पाकिटात आहे. एकदाही बाहेरची हवा दाखवली नाहीस त्याला."

भावजय मागे बसली, दोन्ही हात पुढच्या सीटला घट्ट, आणि तिने मोठ्यानेच नामस्मरण सुरू केले. ताईने किल्ली फिरवली. गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली.

"क्लच! आधी क्लच! पूर्ण दाब, असं गोंजारू नकोस, तो तुझा जावई नाही. हां. आता गिअर. आता सोड. हळू. अगं हळू म्हणजे... आरशात बघितलंस? मागे कोण आहे?"

"बुवा. हात करताहेत."

"माणूस बरा आहे, पण बाजूला व्हायला सांग त्यांना. पुन्हा लाव. आता ठीक. फाटकाबाहेर आलो ना की डावीकडे घे."

"घर उजवीकडे आहे."

"घर कुठे आहे मला माहीत आहे. डेपोचं ऑफिस दोनला बंद होतं, नवीन अर्ज मागून घ्यावा लागेल. आणि दुसरा गिअर टाक गं बये, पहिल्यावरच नेणारेस का तिथवर?"